नावं नसलेली बटणं

मित्रांनो, मोबाईल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर आधी उजळलेला पडदा येतो. माझा पडदा मात्र बहुतेक काळ काळाच राहिला. मी जिच्या हातात वाढलो त्या रुख्मिणीला दिसत नव्हतं. पडद्याचा तिला उपयोग नव्हता, म्हणून ती तो बंद ठेवायची आणि मी तिच्या कानाशी बोलत राहायचो. आता मी जुना झालो आहे. बाळापूरजवळच्या एका घरात, कपाटाच्या खणात, भोवती चार्जरची वायर गुंडाळून मला ठेवलं आहे. बोलायची सवय लागलेल्याला गप्प बसणं जड जातं. म्हणून आज तुमच्याशी बोलतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथं आम्ही सगळे एकसारखे होतो. तिथून खोक्यात बसून मी अकोल्याच्या एका दुकानात आलो. दुकानदार येणाऱ्या प्रत्येकाला माझा कॅमेरा दाखवायचा. एक दिवस मातीनं माखलेल्या चपला घातलेला एक तरुण आला. त्याचं नाव नितेश. दुकानदारानं सवयीनं कॅमेऱ्याचं सुरू केलं, तेव्हा तो म्हणाला, "क्यामेरा राहू द्या भाऊ. हा बोलते का ते सांगा."

दुकानदाराला आधी समजलं नाही. मग नितेशनं सांगितलं की बहिणीसाठी हवा आहे. बारावीच्या वर्षी काचबिंदूनं तिची नजर गेली. अमरावतीच्या एका संस्थेत ती आंधळ्यांचा मोबाईल शिकून आली आहे. दुकानदारानं माझ्यातली एक सोय सुरू केली आणि मी पहिल्यांदा बोललो. नितेशनं मला खिशात घातलं.

ही सोय कशी असते ते सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच आहे. रुख्मिणी पडद्यावरून बोट सरकवायची. बोटाखाली जे येईल त्याचं नाव मी मोठ्यानं वाचायचो. हवं ते सापडलं की ती दोनदा टिचकी मारायची, की ते बटण दाबलं जायचं. मला स्वतःला चित्रांतलं काही कळत नाही. बटण बनवणाऱ्यानं त्याला जे नाव लिहून दिलं असेल तेवढंच मला वाचता येतं.

रुख्मिणीनं माझ्या बोलण्याचा वेग वाढवत वाढवत इतका नेला की घरात दुसऱ्या कोणाला माझा एक शब्द कळेना. तिची आई म्हणायची, "हा बोलून राहिला का भांडून राहिला?" रुख्मिणी हसायची. मला त्या घरात फार बरं वाटायचं.

घर माळ्याचं. मन नदीच्या अंगाला त्यांचा फुलांचा मळा होता. झेंडू, शेवंती, निशिगंध. पूर्वी सगळी फुलं अकोल्याच्या बाजारात जायची आणि व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागायचा. मग अमरावतीच्या एका लहान कंपनीनं 'परडी' नावाचं ॲप काढलं. शेतकऱ्यानं आपला माल त्यावर टाकायचा आणि दुकानदारानं थेट मागवायचा. नितेशला त्यात रस नव्हता. रुख्मिणीनं ते माझ्यात घेतलं आणि चाचपून पाहिलं.

ते पहिलं 'परडी' दिसायला अगदी साधं होतं म्हणे. पांढऱ्यावर काळी अक्षरं. पण त्यातल्या प्रत्येक बटणाला नाव होतं. 'माल टाका.' 'ऑर्डर पाहा.' 'निरोप लिहा.' मी ती नावं वाचायचो, रुख्मिणी टिचकी मारायची आणि काम व्हायचं. कुठं अडायचं नाही, कोणाला हाक मारावी लागायची नाही.

थोड्याच दिवसांत त्या घरातली कामं वाटली गेली. तोडणी आणि करंड्या भरणं नितेशकडे. कोणाला किती फुलं, कोणत्या गाडीनं, कोणत्या दिवशी, हे सगळं रुख्मिणीकडे. शेजारच्या मळेवाल्यांनाही कळलं. शेवंतीला अमरावतीत मागणी आहे का, लग्नाच्या तिथी कधी आहेत, असं कोणी नितेशला विचारलं की तो हात वर करायचा. "मले काही विचारू नका. रुख्मिणीले विचारा."

मित्रांनो, हे वाक्य मी रोज ऐकायचो. पदवी नाही, नोकरी नाही, आणि आठ-दहा वर्षं घरात 'सांभाळून चाल' एवढंच ऐकलेली ती मुलगी. तिला विचारायला माणसं ओसरीवर बसून राहायची. तिच्या मुठीत मी असायचो. मला माझा अभिमान वाटायचा.

पार्बताबाई त्याच काळात आल्या. अमरावतीत अंबादेवीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं हारांचं लहान दुकान होतं. वय साठीच्या पुढचं, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. दुकानाच्या वरच्याच खोलीत राहायच्या. हे सगळं आम्हाला हळूहळू कळलं. सुरुवातीला फक्त त्यांचा निरोप आला: 'झेंडूचा फोटो पाठवा.'

रुख्मिणीनं अंदाजानं मला करंडीसमोर धरलं आणि फोटो काढून पाठवला. थोड्या वेळानं उत्तर आलं, ते मी वाचून दाखवलं: 'ही तर बकरी हाय बाई. झेंडू दाखवा.'

रुख्मिणी पोट धरून हसली. मग तिनं ठरवलं की लपवायचं कशाला. ती माझ्याशी बोलली आणि मी तिचं बोलणं अक्षरांत लिहिलं. इथं एक गंमत झाली. मला शिकवणाऱ्यांनी मला पुस्तकी मराठी शिकवली होती, वऱ्हाडी मला नीट यायची नाही. रुख्मिणी म्हणाली, "मले दिसत नाही." मी लिहिलं, 'मळे दिसत नाही.'

पलीकडून प्रश्न आला: 'मळे कुठी गेले? पूर आला का?'

तिनं पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश. मावशी, मला डोळ्यांनी दिसत नाही, फोटो मला जमत नाही, पण फुलं मी हातानं निवडते, एकही सडकं जाणार नाही. निरोप गेला. बराच वेळ काही आलं नाही. रुख्मिणी करंडीजवळ बसून राहिली. तिला वाटलं, हेही गिऱ्हाईक गेलं.

मग आलं: 'मले ऐकू येत नाही. चाळिशीत ताप आला होता, तवापासून. म्हणून फोन करत नाही, लिहितो. तू पाहत नाही, मी ऐकत नाही. धाड फुलं.'

त्या दिवसापासून पार्बताबाईंची फुलं बाळापूरहून जाऊ लागली. पहाटे करंड्या टेम्पोत चढायच्या आणि दुकान उघडायच्या वेळी अमरावतीत पोचायच्या. आणि दुपारी, घरातली माणसं मळ्यात गेली की, त्या दोघींचं बोलणं चालायचं. त्या लिहायच्या, मी वाचायचो. रुख्मिणी बोलायची, मी लिहायचो. आधी फुलांचं असायचं. मग गुडघ्यांचं, भाजीचं, देवळातल्या गर्दीचं. पार्बताबाई सांगायच्या की गिऱ्हाईक काय मागतं ते त्यांना ओठांवरून ओळखावं लागतं आणि कोणी तोंड फिरवून बोललं की चूक होते. कोणाला मोगरा हवा असतो, त्या शेवंतीचा हार काढून देतात आणि लोक चिडतात. रुख्मिणी सांगायची की घरात सगळे चांगले आहेत, पण तिच्याबद्दल काही ठरवायचं असलं की तिच्यासमोरच तिला न विचारता ठरवतात.

एकदा पार्बताबाईंनी आपला फोन नंबर लिहिला. 'परडी'मध्ये तसे नंबर देता येत नसत. गिऱ्हाईक आणि शेतकरी यांनी परस्पर व्यवहार करू नये म्हणून ते आकडे आपोआप झाकले जायचे. मला तिथं नुसते चौकोन मिळाले. दोघी त्यावरही हसल्या. बोलायला 'परडी' होतंच, त्यामुळे नंबर कशाला हवा असं दोघींना वाटलं.

भाद्रपद संपत आला होता. दसऱ्याच्या झेंडूची मोठी ऑर्डर पार्बताबाईंनी आधीच टाकून ठेवली होती. त्या दुपारी त्यांचा निरोप आला. तो माझ्यात अजूनही आहे.

'गुडघे लय दुखतात. आता दुकानात एकटीनं बसणं होत नाही. भाऊ म्हणते, दुकान देऊन टाक नं माझ्याकडे ये. मले जायचं नाही. तू येतं का? गिऱ्हाईकाचं तू ऐकजो, मी पाहीन. हार दोघी ओवू. वर खोली हाय, दोघीले पुरते. दसऱ्यापर्यंत सांगजो. नाही म्हटलं तरी राग नाही.'

रुख्मिणीनं कानात इअरफोन घातला आणि तो निरोप पुन्हा पुन्हा वाचायला लावला. कोणी तरी तिला विचारलं होतं. तिच्या भावाला नाही, आईला नाही, तिला.

तिनं लगेच उत्तर दिलं नाही. घर सोडायचं होतं. मळ्याचं काम नितेशवर पडलं असतं. आई काय म्हणेल, हेही होतं. दोन दिवस ती कामात असूनही कामात नव्हती. एका सकाळी टेम्पो गेल्यावर ती मला हातात धरून पुटपुटली, "सांगून देतो आज. येतो म्हणून." पण तेवढ्यात आईनं हाक मारली, पाहुणे आले, आणि तिनं मला चार्जिंगला लावलं.

त्याच वेळात 'परडी' बदललं.

नवं रूप माझ्यात आपोआप उतरलं. दुपारी रुख्मिणीनं ॲप उघडलं आणि बोट ठेवलं. मी म्हणालो, "बटण." बोट सरकलं. मी म्हणालो, "बटण." आणखी सरकलं. "चित्र." पुढे पुन्हा, "बटण."

"काय झालं रे तुले?" रुख्मिणी म्हणाली. तिला वाटलं मीच बिघडलो. तिनं मला बंद करून पुन्हा सुरू केलं. मी बिघडलो नव्हतो. नव्या ॲपमध्ये अक्षरांच्या जागी चित्रं आली होती आणि त्या चित्रांना कोणी नावं लिहिली नव्हती. मला वाचायला काही उरलंच नव्हतं. 'निरोप लिहा' तर काढूनच टाकलं होतं. त्याच्या जागी बोलून निरोप पाठवायचा एक माईक आला होता. म्हणजे ऐकू न येणाऱ्या पार्बताबाईंना आता आवाजच मिळणार होता, आणि न दिसणाऱ्या रुख्मिणीला तो माईक सापडणार नव्हता.

संध्याकाळी नितेशनं पडदा उजळून पाहिला. "मस्त झालं बाई हे," तो म्हणाला. "रंगीत. फुलाफुलाचं."

"मले काही सापडून नाही राहिलं त्यात."

"तू बस. ऑर्डरचं मी पाह्यतो आता."

तो मायेनंच म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून ऑर्डरी तो त्याच्या फोनवर बघू लागला आणि रुख्मिणी करंड्यांजवळ पाकळ्या निवडायला बसली. ओसरीवर माणसं आली की ती मान वर करायची. पण आता माणसं थेट नितेशशी बोलायची.

तुम्ही विचाराल, मग तिनं नितेशलाच का नाही सांगितलं, की पार्बताबाईंना एवढं पाठवून दे? मलाही ते रोज वाटायचं. पण तिच्या जागी बसून पाहा. तिला घर सोडून जायचं होतं. ते तिनं अजून कोणाला सांगितलं नव्हतं. ज्यांना सोडून जायचं त्यांच्याच बोटांनी तो निरोप पाठवायचा? तुम्ही तुमचं मनातलं कोणाला लिहिता तेव्हा सगळं घर मागे उभं राहून वाचत नाही. तेवढंच तिला हवं होतं.

तिनं कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. तिकडून एक माणूस गोड आवाजात म्हणाला, "ताई, खाली हिरवं गोल बटण आहे ना, ते दाबा."

"हिरवं कोणतं ते मले कसं समजन भाऊ? मले दिसत नाही."

"मग घरातल्या कोणाला तरी दाखवा ना."

तिनं फोन ठेवला.

मग एका दुपारी, घरात कोणी नसताना, ती मला घेऊन गोठ्याच्या पायरीवर बसली. जुन्या 'परडी'त निरोपाचं बटण उजवीकडे खाली असायचं. तिनं पार्बताबाईंची ऑर्डर कशीबशी उघडली, बोट तिथं नेलं आणि विचारल्यासारखं थांबली. मी म्हणालो, "बटण." तिनं दोनदा टिचकी मारली. काही तरी नवं उघडलं. मी पुन्हा म्हणालो, "बटण." तिनं पुन्हा टिचकी मारली. पडद्यावर एक रंगीत पट्टी आली आणि गेली. तिच्यावरची अक्षरं चित्रातली होती, ती मला वाचताच आली नाहीत. मी गप्प राहिलो. रुख्मिणीला वाटलं, काहीच झालं नाही. तिनं मला पदरानं पुसलं आणि उठली.

दुसऱ्या सकाळी नितेश म्हणाला, "अमरावतीवाल्या मावशीची दसऱ्याची ऑर्डर रद्द दिसून राहिली. काहून केली असन तिनं?"

निशिगंधाच्या काड्या बांधणारे रुख्मिणीचे हात थांबले. रद्द कोणाकडून झाली ते ॲप सांगत नव्हतं. तिला वाटलं, मावशी उत्तराची वाट पाहून रागावल्या. आपण नीट विचार करत बसलो आणि वेळ गेली. पार्बताबाईंची नवी ऑर्डर त्यानंतर आली नाही. दसरा गेला. झेंडू दुसरीकडे विकला गेला, त्याचं काही अडलं नाही. पण दुपारी माझ्याशी बोलणारी रुख्मिणी आता मला फक्त वेळ विचारायची.

दिवाळीनंतर तिनं नितेशला बांधावर बसवून सगळं सांगितलं. मी तिच्या ओच्यात होतो. नितेश बराच वेळ ढेकळं फोडत राहिला.

"आमाले सांगतलं काहून नाही तू?"

"मी ठरवाच्या आधी घरानं ठरवलं असतं."

"आमी नाही म्हटलं असतं असं वाटलं तुले?"

"तुमी हो म्हटलं असतं तरी ते तुमचं हो राह्यलं असतं."

नितेशनं हातातलं ढेकूळ खाली टाकलं. उठून हात झटकत तो म्हणाला, "चाल. उद्याच जाऊ."

अकोल्याला बस बदलून, मूर्तिजापूर, बडनेरा करत आम्ही अमरावतीला पोचलो. देवळाच्या रस्त्यावर नितेश विचारत विचारत पुढे गेला. हारांचं दुकान जिथं असायला हवं होतं तिथं आता लहान मुलांचे कपडे टांगले होते. रुख्मिणीनं आधीच ओळखलं. "फुलाचा वास नाही इथं," ती म्हणाली.

शेजारी नारळ विकणारा एक म्हातारा बसला होता. पुंजाराम त्याचं नाव. नितेशनं पार्बताबाईंचं विचारलं.

"ते गेली. चांदूर बाजारले, भावाच्या घरी. दुकान देऊन टाकलं." मग त्यानं रुख्मिणीकडे पाहिलं असावं, कारण त्याचा आवाज बदलला. "तू बाळापूरची पोरगी का?"

"हाव."

"तुझीच वाट पाहे ते. रोज मोबाईल काढून पाहे. दसऱ्याच्या आधी तुमच्याकून ऑर्डर रद्द झाली, त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं तिनं. म्हणे, पोरीले यायचं नाही, तोंडानं सांगाले जड गेलं असन."

"आमी रद्द नाही केली," नितेश म्हणाला. "तिनंच केली."

"ते काहून करन? हार काहाचे ओवतं मंग?" पुंजाराम म्हणाला. "म्यां म्हटलं होतं तिले, मोबाईलातल्या त्या नव्या माईकात बोलून निरोप धाड. काही आवाज आला तर मी ऐकून सांगतो. तर म्हणे, पोरीचा नकार मी तुझ्या तोंडून ऐकू काय?"

रुख्मिणी तिथंच नारळांच्या पोत्याला धरून उभी राहिली.

मग ती नितेशला म्हणाली, "त्या कंपनीत ने मले."

कंपनीचं कार्यालय एका इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. तिथं गीतांजली नावाची मुलगी भेटली. 'परडी' पहिल्यांदा तिनंच बनवलं होतं आणि नवंही तिच्याच हाताखाली झालं होतं. रुख्मिणीनं मला तिच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"ताई, डोये मिटा नं एक निरोप पाठवून दाखवा."

गीतांजलीला वाटलं, ही रागानं बोलते आहे. रुख्मिणीच्या आवाजात राग नव्हता. गीतांजलीनं डोळे मिटले. सरावासाठी ठेवलेली एक खोटी ऑर्डर तिनं आधीच उघडली होती. तिनं बोट ठेवलं. मी म्हणालो, "बटण." सरकवलं. "बटण." तिचं बोट थांबत थांबत खाली उजवीकडे गेलं. "बटण." तिनं टिचकी मारली. "बटण." पुन्हा मारली. आणि डोळे उघडले.



"गेला का निरोप?" रुख्मिणीनं विचारलं.

"नाही," गीतांजली म्हणाली. "ऑर्डर रद्द झाली."

नितेशनं बहिणीचा हात धरला. रुख्मिणीनं तो सोडवून घेतला आणि मला चाचपून हातात घेतलं.

"म्हणजे मीच मावशीले नाही म्हटलं," ती म्हणाली.

गीतांजलीनं सबबी सांगितल्या नाहीत, हे मला तिचं आवडलं. ती एवढंच म्हणाली की पहिल्या ॲपला सजवायला वेळ नव्हता म्हणून सगळं अक्षरांत लिहिलं होतं, आणि ते आंधळी माणसं वापरतात हे तिला कधी कळलंच नव्हतं. नवं करताना नावं नंतर देऊ असं ठरलं होतं. ते 'नंतर' आलंच नाही. "तुम्ही मला शिकवाल का?" तिनं विचारलं. रुख्मिणी म्हणाली, "शिकवीन. पण आज नाही."

आम्ही चांदूर बाजारला गेलो. पार्बताबाई भावाच्या अंगणात खाटेवर बसल्या होत्या. नितेशनं रुख्मिणीला समोर नेलं. मी त्यांचे किती निरोप वाचले होते, पण त्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा मोठा आणि सपाट होता.

"बकरीवाली का वं तू?"

रुख्मिणी त्यांच्या पायाशी बसली. पार्बताबाई बोलायच्या ते तिला ऐकू यायचं. उत्तर ती माझ्याशी बोलायची, मी ते लिहायचो, आणि नितेश माझा पडदा उजळून पार्बताबाईंसमोर धरायचा. अक्षरं मोठी करून घेतली होती. अधूनमधून मी 'मले'चं 'मळे' केलं, पण पार्बताबाईंना आता माझी खोड ठाऊक होती.

रुख्मिणीनं सगळं सांगितलं. बटणं, पायरीवरची दुपार, कंपनीतली परीक्षा. पार्बताबाई सावकाश वाचत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "मी रागावली नव्हती. मले वाटलं, मीच जास्त मागतलं. परक्याची पोरगी, तिले काहून बोलावलं म्यां."

"तुमी विचारलं त्याच दिवशी माझं हो होतं," रुख्मिणी म्हणाली. मी ते लिहिलं. पार्बताबाईंनी तेवढी ओळ बराच वेळ वाचली.

मग रुख्मिणीनं विचारलं, "आता येऊ का मी?"

पार्बताबाईंनी मला नितेशच्या हातून घेतलं, पडदा वाचला आणि मला उलटं करून आपल्या मांडीवर ठेवलं.

"आता कुठी येतं बाई," त्या म्हणाल्या. "मीच दुसऱ्याच्या घरी हाओ."

त्यांनी रुख्मिणीला शेवग्याच्या शेंगा बांधून दिल्या. बस येईपर्यंत दोघी हातात हात घेऊन बसल्या. मला कोणी बोलायला लावलं नाही.

मित्रांनो, पुढचं थोडक्यात सांगतो. गीतांजलीनं शब्द पाळला. रुख्मिणी अनेकदा तिच्याकडे गेली. प्रत्येक चित्राला नाव मिळालं, लिहायचा निरोप परत आला, आवाजातला निरोप अक्षरांत दिसू लागला, आणि ऑर्डर रद्द करायच्या आधी ॲप आता स्पष्ट विचारतं. काही बदलायचं झालं की आधी रुख्मिणीला आणि ऐकू न येणाऱ्या एका दुकानदाराला दाखवतात. पण ते दुरुस्त 'परडी' माझ्यासारख्या जुन्या फोनवर चालत नाही. नितेशनं बहिणीला नवा फोन आणला. तो तिच्या कानाशी सगळी नावं वाचतो. ती नवी नावं माझ्या तोंडून कधीच निघाली नाहीत. माळ्याच्या घरी पुन्हा 'रुख्मिणीले विचारा' ऐकू येतं. खणात असलो तरी मला ते ऐकू येतं. पार्बताबाईंनाही तिचे निरोप जातात. उत्तरं येतात म्हणे. मात्र दुकानाचं दोघी लिहीत नाहीत.

तुमच्यापैकी कोणी तरी मोठेपणी असं एखादं ॲप बनवेल. तुमच्या हातून ते सुंदर व्हावं. पण ते लोकांना देण्याआधी डोळे मिटून वापरून पाहा, कान झाकून वापरून पाहा. त्याहून बरं म्हणजे, ज्याला दिसत नाही, ज्याला ऐकू येत नाही, अशा माणसाला शेजारी बसवून त्यालाच विचारा. त्यात फार कष्ट नाहीत. एका बटणाला एक नाव लिहायला कितीसा वेळ लागतो. फक्त हे काम नंतर करू म्हणून ठेवू नका. पार्बताबाईंचं दुकान त्या 'नंतर'मध्येच गेलं.